रूढ पद्धती आणि एकस्व : सागरी मत्स्यालय-व्यवसायातील वादांचे विवेचन

१. संज्ञा

विवेचनास आरंभ करण्यापूर्वी चार संज्ञांचे अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे.

'एकस्व' म्हणजे व्यवहारात ज्याला पेटंट म्हणतात तो हक्क. शोधकाने आपला शोध संपूर्णपणे जाहीर करावा आणि त्याच्या मोबदल्यात राज्यसंस्थेने ठरावीक मुदतीपर्यंत इतरांना त्या शोधाच्या वापरास मनाई करण्याचा अधिकार त्याला द्यावा, हे त्याचे स्वरूप. हा अधिकार निषेधात्मक आहे; स्वतः ती वस्तू बनवण्याची मोकळीक एकस्वधारकाला त्यातून आपोआप मिळत नाही, कारण त्या वस्तूचा एखादा भाग दुसऱ्याच्या एकस्वाखाली असू शकतो.

'हक्कमागणी' म्हणजे एकस्वपत्राच्या शेवटी क्रमांकवार लिहिलेली विधाने. हक्काची सीमा ही विधाने ठरवतात; शीर्षक, सारांश किंवा आकृत्या ठरवत नाहीत. मत्स्यालय-व्यवसायातील कित्येक वाद केवळ शीर्षक वाचून पेटलेले असतात, म्हणून हा भेद प्रथमच सांगितला.

'पूर्वज्ञान' म्हणजे अर्जाच्या तारखेपूर्वी लोकांना उपलब्ध असलेले ज्ञान. त्याच्याशी ताडून शोधाच्या दोन परीक्षा होतात. नवीनतेच्या परीक्षेत हक्कमागणीचे सर्व घटक पूर्वज्ञानाच्या एकाच आधारात सापडावे लागतात. शोधकतेच्या परीक्षेत अनेक आधार एकत्र करता येतात. मात्र ते एकत्र करणे त्या विषयातील सामान्य जाणकाराला स्वाभाविक वाटले असते, हे दाखवावे लागते.

'रूढ पद्धती' म्हणजे व्यवसायातील सामान्य जाणकार जी कृती कोणाची परवानगी न घेता आणि कोणाचे नाव न घेता करतो ती. नवा मासा काही काळ विलग टाकीत ठेवणे, वाहतुकीच्या पिशवीत टाकीचे पाणी थेंबाथेंबाने सोडून माशाला त्याची सवय करणे, प्रवाळाची फांदी तोडून ती सायनोॲक्रिलेट गोंदाने लहान बैठकीवर चिकटवणे, मुख्य टाकीच्या खाली दुसरी टाकी ठेवून तिच्यात गाळणी आणि हीटर बसवणे, या सर्व रूढ पद्धती होत.

या चार व्याख्यांतून पहिला सिद्धान्त निघतो. रूढता ही वर्तमानकाळातील सामाजिक वस्तुस्थिती आहे, तर पूर्वज्ञान ही तारखेशी बांधलेली वस्तुस्थिती आहे. एखादी कृती आज सर्वत्र होते, यावरून ती अर्जाच्या दिवशी ज्ञात होती हे सिद्ध होत नाही. "हे तर आम्ही सगळेच करतो" हे विधान खरे असूनही कायद्याच्या दृष्टीने अपुरे ठरते, ते याच कारणाने.

२. प्रमाणानुसार रूढ पद्धतींचे प्रकार

कोणत्या प्रमाणाच्या आधारे पद्धतीचे अस्तित्व सिद्ध करता येते, या कसोटीवर रूढ पद्धतींचे तीन प्रकार होतात.

पहिला प्रकार लिखित व दिनांकित पद्धतींचा. जिवंत खडक आणि मंद हवेचे बुडबुडे एवढ्यावरच सागरी टाकी राखण्याची रीत जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये 'ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट' या अमेरिकन मासिकात मांडली. प्रवाळांना कॅल्शियम मिळावे म्हणून चुन्याचे निवळ पाणी देण्याची पद्धत पीटर विल्केन्स यांनी १९७३ च्या जर्मन ग्रंथात सांगितली. हवा आणि पाणी यांच्या संगमात जीवाणू वाढवणारी ठिबक-गाळणी जॉर्ज स्मिट यांच्या १९८६ च्या लेखमालेने अमेरिकेत घरोघरी पोचली. या तिन्हींना लेखक आहे, प्रकाशनाचे वर्ष आहे आणि ग्रंथालयात पाने आहेत. त्यांतील मजकुरावर नंतर कोणी एकस्व मागितले तर उत्तर देण्यास एक छायाप्रत पुरते.

दुसरा प्रकार उघड पण अलिखित पद्धतींचा. दुकानात येणाऱ्या कोणालाही ती पाहता येते, परंतु तिची नोंद कोणी केलेली नसते. अशा वापराला कायदा तत्त्वतः मान्यता देतो. एग्बर्ट विरुद्ध लिपमन या १८८१ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंचुकीतील पोलादी पट्ट्यांचा विचार केला. शोधकाने त्या एका स्त्रीला दिल्या होत्या आणि वस्त्राच्या आत असल्याने त्या कोणालाही दिसत नव्हत्या. गुप्ततेची अट घातलेली नसल्यामुळे तोही सार्वजनिक वापरच, असे न्यायालयाने ठरवले. तत्त्व इतके उदार आहे. पुराव्याचा नियम तितकाच कठोर आहे. काटेरी तारेच्या एकस्वासंबंधीच्या १८९२ च्या निकालात त्याच न्यायालयाने सांगितले की, अनेक वर्षांनंतर स्मरणावर विसंबून दिलेल्या तोंडी साक्षी, भक्कम जोडपुरावा नसेल तर, एकस्व पाडण्यास पुरेशा नाहीत. म्हणजे या प्रकारातील पद्धतीला हक्क आहे, पण तो शाबीत करण्याचे साधन तिच्याजवळ बहुधा नसते. सागरी मत्स्यालयांतील बहुसंख्य कृती याच प्रकारात मोडतात आणि वादाचे खरे क्षेत्रही हेच आहे.

तिसरा प्रकार गुप्त व्यापारी पद्धतींचा. मासे आयात करणारा घाऊक व्यापारी आपल्या साठवण-टाक्यांत औषधाचे कोणते प्रमाण, किती काळ, कोणत्या क्षारतेला ठेवतो, हे तो सांगत नाही. दुसऱ्याच्या नंतरच्या एकस्वाला अशा गुप्त वापराने अमेरिकेत सामान्यतः बाध येत नाही. २०११ च्या अमेरिकन सुधारणा-कायद्याने त्याला एक बचाव दिला आहे: प्रतिपक्षाच्या अर्जाच्या तारखेआधी किमान एक वर्ष तो व्यापारासाठी ती प्रक्रिया वापरत असेल, तर त्याच्यावर उल्लंघनाचा ठपका येत नाही. परंतु हा बचाव वैयक्तिक आहे. एकस्व जिवंत राहते आणि शेजारच्या व्यापाऱ्याला त्याचा काहीच उपयोग होत नाही.

३. एकस्व आणि रूढ पद्धती यांचे संबंध

मागील विभागात पद्धतीचे प्रकार पाहिले. आता एकस्वाचा तिच्याशी कोणता संबंध असू शकतो ते पाहावयाचे. पद्धत आधी आणि एकस्व नंतर, एकस्व आधी आणि पद्धत नंतर, आणि ज्ञात घटकांचा नवा संयोग किंवा परक्षेत्रातून आणलेला घटक, असे हे तीन संबंध आहेत. पहिल्या संबंधाचा निर्णय सर्वस्वी वरील प्रमाणविचारावर होतो, म्हणून त्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. उरलेल्या दोहोंचा विचार विस्ताराने केला पाहिजे. व्यवसायातील चर्चांत ते पहिल्याशी सरसकट एकरूप मानले जातात आणि हा मोठा अन्याय आहे.

एकस्व आधी आणि पद्धत नंतर, याचे शुद्ध उदाहरण शैवाल-गाळणीचे आहे. स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी कॅरिबियन प्रवाळभित्तींवरील आखूड शैवालाच्या थराचा अभ्यास केला. लाटांच्या हेलकाव्यात आणि तीव्र प्रकाशात हा थर पाण्यातील पोषकद्रव्ये फार वेगाने शोषतो, हे त्यांनी दाखवले आणि त्यावरून जाळीवर शैवाल वाढवून ते नियमित खरवडण्याची यंत्रणा रचली. तिला १९८२ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळाले. आज घरगुती टाकीवर जाळी टांगून शैवाल वाढवणाऱ्यास ती रीत अनादी काळापासूनची वाटते. ती तशी नाही. तिला प्रारंभबिंदू आहे, तो दिनांकित आहे आणि एकस्वपत्रातच तिचे सविस्तर वर्णन सापडते. येथे एकस्वाने रूढ पद्धतीवर अतिक्रमण केलेले नाही. मुदत संपल्यावर एकस्वातूनच रूढ पद्धती निर्माण झाली. प्रकटीकरणाच्या बदल्यात मर्यादित मनाई, हा जो करार पहिल्या विभागात सांगितला, तो येथे दोन्ही बाजूंनी पाळला गेला.

याच वर्गातील दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. नीस विद्यापीठातील ज्याँ जोबेर यांनी टाकीच्या तळाशी छिद्रित पट्टी, तिच्याखाली स्थिर पाण्याचा पोकळ थर आणि वर प्रवाळवाळूचा जाड थर अशी रचना केली. तिला अमेरिकेत १९९१ मध्ये एकस्व मिळाले. छिद्रित पट्टी आणि तिच्यावर वाळू ही रचना त्याआधी कित्येक दशके 'अंडरग्रॅव्हल फिल्टर' या नावाने जगभर वापरात होती. मग नवीनता कोठे? जुन्या गाळणीत पंप पाण्याला वाळूतून खेचतो. त्यामुळे वाळू सर्वत्र प्राणवायुयुक्त राहते, अमोनियाचे रूपांतर नायट्रेटमध्ये होते आणि नायट्रेट साठत जाते. जोबेर यांच्या रचनेत पंप नाही. विद्राव्य पदार्थ केवळ विसरणाने खाली-वर जातात, खालच्या थरांत प्राणवायू अत्यल्प होतो आणि तेथील जीवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. उपकरण जवळजवळ तेच, प्रक्रिया विरुद्ध. दृश्य साम्य म्हणजे तादात्म्य नव्हे, हा येथील निष्कर्ष आहे. आणि हक्कमागणी उपकरणाविषयी आहे की प्रक्रियेविषयी, हे वाचल्याखेरीज कोणतेही मत देता येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. जुन्या गाळणीचा पंप बंद ठेवून एखाद्याने टाकी महिनोन् महिने चालवली असेल, तर त्याच्या तळाशी जोबेर यांचीच प्रक्रिया घडली नसेल काय? घडली असू शकेल. परंतु टिल्घमन विरुद्ध प्रॉक्टर या १८८० च्या निकालानुसार, कर्त्याला न उमगलेला आणि त्याने न योजलेला आकस्मिक परिणाम नंतरच्या शोधाची नवीनता नष्ट करत नाही. पुढील निकालांनी हा नियम बराच संकुचित केला. अनाकलित पण अटळपणे घडणारा परिणाम आता पूर्वज्ञानात धरला जातो. आकस्मिक आणि अटळ यांतील सीमा कोठे आखावयाची, हे प्रत्येक टाकीच्या तपशिलावर अवलंबून राहते. तो तपशील नोंदलेला नसेल तर आक्षेप निष्फळ होतो.

तिसऱ्या संबंधाचे सर्वांत बोलके उदाहरण एलईडी प्रकाशयोजनेचे आहे. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील ऑर्बिटल टेक्नॉलॉजीज कॉर्पोरेशन, संक्षेपाने ऑर्बिटेक, ही कंपनी अंतराळात वनस्पती वाढवण्यासाठी एलईडी दिव्यांवर काम करत होती. सागरी टाकीसाठी एलईडी प्रकाशयोजनेचे एकस्व तिला २२ मे २००७ रोजी मिळाले. पीएफओ लायटिंग या कंपनीचा 'सोलॅरिस' हा प्रवाळटाक्यांसाठीचा एलईडी दिवा त्या सुमारास बाजारात होता. ऑर्बिटेकने उल्लंघनाचा दावा लावला आणि सोलॅरिसचे उत्पादन थांबले. व्यवसायात तीव्र प्रतिक्रिया उमटली: टाकीवर दिवा लावणे ही मत्स्यालयाइतकीच जुनी गोष्ट, दिव्याची जात बदलली म्हणून शोध कसा होतो?

या प्रश्नाचे उत्तर तीन पायऱ्यांनी द्यावे लागते. प्रथम, प्रवाळाच्या ऊतींत राहणाऱ्या सहजीवी शैवालाला प्रामुख्याने निळा प्रकाश लागतो आणि पुरेसा तेजस्वी निळा एलईडी १९९३ मध्येच प्रथम तयार झाला. त्यापूर्वी या विषयात पूर्वज्ञान संभवतच नव्हते. म्हणजे तेव्हापासून अर्जाच्या तारखेपर्यंतच्या ज्या कालखंडात ते शोधावयाचे तो अवघ्या दहा-अकरा वर्षांचा आहे. त्या काळातले रात्रीच्या चंद्रप्रकाशाचा आभास देणारे लहान निळे एलईडी प्रवाळाचे पोषण करत नव्हते, म्हणून ते पूर्ण आधार होऊ शकत नाहीत. दुसरे, एकस्वाचा विषय केवळ दिवा नव्हता; दिव्याची घडण आणि प्रकाशाच्या तीव्रतेचे व वर्णपटाचे नियंत्रण यांचाही त्यात समावेश होता. नवीनतेची परीक्षा अशा संयोगावर सहसा निष्प्रभ ठरते. प्रश्न उरतो तो शोधकतेचा.

तिसरी पायरी कालक्रमाची आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्ञात घटकांचा संयोग केव्हा स्वाभाविक मानावा, याविषयी अमेरिकेतील अपील न्यायालय त्या काळी फार कडक कसोटी लावत असे: घटक एकत्र करावेत अशी सूचना किंवा प्रेरणा पूर्वज्ञानात दाखवली पाहिजे. केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी शिथिल केली. जाणकारालाही सामान्य सर्जनशीलता असते आणि ज्ञात घटकांकडून अपेक्षित तेच कार्य करून घेणारा संयोग बहुधा स्वाभाविकच असतो, असे त्यात सांगितले. या निकालाची तारीख ३० एप्रिल २००७. एकस्व बहाल झाले ते त्यानंतर तीन आठवड्यांनी. त्याचे परीक्षण अर्थातच बहुतांशी जुन्या कसोटीखाली झालेले होते. नव्या कसोटीवर ते टिकले असते किंवा नसते, दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते एलईडीचे तेज एका मर्यादेपलीकडे गेल्यावर ते प्रवाळटाकीवर आणणे जाणकाराला सुचण्याजोगेच होते. वर्णपटाच्या नियंत्रणाविषयी मात्र तितक्या निश्चयाने बोलता येत नाही.

४. ज्ञानाचा भूगोल

पूर्वज्ञान कोणत्या तारखेचे, हे पाहिले. ते कोणत्या देशातले, हेही काही काळ निर्णायक होते. १६ मार्च २०१३ पूर्वीच्या अर्जांना लागू असलेल्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशातील ज्ञान छापील किंवा एकस्वांकित असेल तरच गणले जाई. परदेशातील उघड पण अलिखित वापर गणला जात नसे. सागरी मत्स्यालयाचे मासे आणि प्रवाळ प्रामुख्याने इंडोनेशिया, फिलिपीन्स, फिजी अशा देशांतून येतात. त्यांच्या हाताळणीच्या अनेक रीती तेथील मच्छीमारांनी आणि साठवणदारांनी बसवलेल्या आहेत. त्या रीती लिहिलेल्या नसतील तर अमेरिकेच्या एकस्व कार्यालयाच्या दृष्टीने त्या अस्तित्वातच नव्हत्या. ली चिन एंग यांच्या टाक्या जकार्तात होत्या. त्यांना अमेरिकेत कायदेशीर अस्तित्व मिळाले ते मासिकातील लेखामुळे.

हा नियम मराठी वाचकाला अपरिचित नाही. जखमेवर हळद लावण्याच्या उपायाला अमेरिकेत १९९५ मध्ये एकस्व मिळाले. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले तेव्हा भारतातील कोट्यवधी घरांतला वापर पुरावा म्हणून चालणार नव्हता. संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांतील उतारे आणि छापील वैद्यकीय निबंध सादर करावे लागले. १९९७ मध्ये हक्कमागण्या रद्द झाल्या. कडुनिंबाच्या तेलापासून बनवलेल्या बुरशीनाशकाच्या युरोपीय एकस्वाची गोष्ट वेगळी आहे. युरोपात पूर्वीपासूनच कोणत्याही देशातील उघड वापर ग्राह्य होता. त्यामुळे पुण्यातील एका उद्योजकाने पुणे आणि सांगली भागांत आधीच केलेल्या वापराविषयी दिलेली साक्ष तेथे विचारात घेतली गेली. ते एकस्व २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. दोन्ही निकाल भारताच्या बाजूने लागले, पण सिद्धतेचे मार्ग भिन्न होते आणि ही भिन्नता कायद्याच्या एका वाक्यातून आलेली होती.

५. वादाच्या अवस्था आणि खर्चाचे गणित

एकस्व दुर्बळ असेल तर ते पाडावे, हे म्हणणे तर्कशुद्ध आहे. तरीही दुर्बळ एकस्वे टिकतात. त्याचे कारण वादाच्या अवस्थांत सापडते.

पहिली अवस्था नोटिशीची, दुसरी परवाना-प्रस्तावाची, तिसरी दाव्याची आणि चौथी एकस्वाच्या वैधतेच्या परीक्षेची. बहुतेक प्रकरणे पहिल्या दोन अवस्थांतच मिटतात. अमेरिकेत बहाल झालेले एकस्व वैध असल्याचे गृहीत धरले जाते आणि न्यायालयात ते पाडण्यास स्पष्ट व खात्रीलायक पुरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रकरणात या मानदंडाचा पुनरुच्चार केला. असा खटला चालवण्याचा खर्च लाखो डॉलर होतो. मत्स्यालयाची उपकरणे बनवणाऱ्या लहान कंपनीचा एका उत्पादनावरील नफा त्याच्या आसपासही जात नाही. म्हणून ती तडजोड करते किंवा उत्पादन थांबवते. आणि वैधतेचा प्रश्न कोणीही न तपासता तसाच राहतो.

याहून खोल कारण पुढील आहे. ब्लॉन्डर-टंग या १९७१ च्या निकालापासून असा नियम आहे की, एका प्रतिवादीने एकस्व अवैध ठरवून घेतले तर ते इतर कोणाविरुद्धही वापरता येत नाही. नियम न्याय्य आहे. पण त्याचा आर्थिक परिणाम असा की, लढणारा एकटा खर्च करतो आणि त्याचे सर्व प्रतिस्पर्धी लाभ घेतात. परवाना घेणाऱ्याला मात्र आपल्या पैशाचा लाभ एकट्याला मिळतो. सुबुद्ध व्यापारी परवान्याकडे वळतो, यात त्याचा दोष नाही. सामूहिक हिताचे काम व्यक्तीच्या खर्चावर सोडल्याचे हे फळ आहे. संघटनेने वर्गणी काढून लढल्याखेरीज त्याला उपाय नाही. २०१२ पासून अमेरिकेच्या एकस्व कार्यालयातच छापील पूर्वज्ञानाच्या आधारे पुनर्विलोकन मागता येते. तेथे पुराव्याचा मानदंड सौम्य आहे आणि खर्चही खटल्यापेक्षा कमी. परंतु या मार्गावर केवळ एकस्वे व छापील प्रकाशने चालतात. दुसऱ्या विभागातील अलिखित पद्धती या दारातून आत जाऊच शकत नाही.

हौशी मत्स्यपालकाविषयी एवढेच सांगणे पुरे. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये खाजगी व बिगरव्यापारी वापर उल्लंघनातून वगळलेला आहे. अमेरिकन कायद्यात अशी सूट नाही. घरगुती टाकीवर कोणी दावा लावत नाही, ही व्यवहारातील सवलत आहे, हक्क नव्हे.

६. नोंदीची आवश्यकता आणि पर्याप्तता

वरील सर्व विभागांतून एकच निष्पत्ती होते: रूढ पद्धतीचे रक्षण तिच्या जुनेपणाने होत नाही, तिच्या दिनांकित आणि सार्वजनिक नोंदीने होते. ही नोंद पर्याप्त होण्यास तीन अटी आहेत. पहिली, पुनरावृत्तिक्षमता: ती वाचून दुसऱ्या जाणकाराला तीच कृती करता आली पाहिजे. टाकीचे माप, पाण्याचा प्रवाह, वाळूची जाडी, प्रकाशाचा काळ, मात्रा आणि परिणाम हे आकड्यांत हवेत. "थोडे चुन्याचे पाणी घालावे" हे वाक्य नवीनतेच्या परीक्षेत कोणत्याही कामाचे नाही. दुसरी, हेतूचे कथन: कृती कशासाठी केली हे लिहिलेले असेल तर आकस्मिकतेचा आक्षेप उरत नाही. तिसरी, उपलब्धता. क्लोफेनस्टीन या २००४ च्या प्रकरणात दोन परिषदांत मिळून सुमारे तीन दिवस भिंतीवर लावलेले निबंधफलक छापील प्रकाशन मानले गेले. वाचकांवर कोणतेही बंधन नव्हते, हे त्यात निर्णायक ठरले. परिषदेतील भाषणाची छापील प्रत किंवा संघाच्या वार्षिकातील दोन पाने एवढेही पुरते. कपाटातील रोजवही पुरत नाही.

भारतातील परिस्थिती काही बाबतींत अनुकूल आहे. १९७० च्या एकस्व कायद्याच्या कलम २५(१) अन्वये अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि एकस्व बहाल होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती त्याला लेखी विरोध करू शकते. तिचे स्वतःचे हितसंबंध दाखवण्याची गरज नाही. क्लाउनफिशसारख्या सागरी शोभिवंत माशांचे प्रजनन केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने यशस्वी केले आहे आणि किनारपट्टीवरील लहान उत्पादक ते करू लागले आहेत. पिलांचे पहिल्या आठवड्यांतील खाद्य, पाणी बदलण्याचा क्रम, वाहतुकीतील मरतूक कमी करण्याचे उपाय, यांत त्यांनी बसवलेले बारकावे आज दुसऱ्या प्रकारात, म्हणजे उघड पण अलिखित पद्धतींत आहेत. ते पहिल्या प्रकारात आणण्याचे काम त्यांनी आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी आताच हाती घ्यावे. एखाद्याचा अर्ज दाखल झाल्यानंतर केलेली नोंद निरुपयोगी असते. त्यासाठी इंग्रजीची वाट पाहण्याचे कारण नाही. पूर्वज्ञानाला भाषेची अट नाही. मराठीत छापलेले, तारीख असलेले आणि लोकांना उपलब्ध असलेले पान अमेरिकेच्या व युरोपच्या एकस्व कार्यालयांत तितकेच ग्राह्य आहे.